आपलं चित्र

नववीला आमच्या शाळेत एक ऐच्छिक विषय घ्यावा लागायचा. मुलींपुढे तसे दोनच होते, शिवण आणि चित्रकला, आणि शिवणाचा वर्ग आधी भरून जायचा. आईचंही मत शिवणाकडेच होतं. नेरूळमध्ये तेव्हा रोज नव्या बिल्डिंगी उठत होत्या. त्यांत राहायला येणाऱ्या बायकांना ब्लाउज शिवून देणारं कोणीतरी लागणारच, असं तिचं साधं गणित होतं. आठवीत मला चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेत ए ग्रेड मिळाली होती, पण तिच्या लेखी ती रांगोळी बरी येण्यासारखी गोष्ट होती.

वडलांना आम्ही आण्णा म्हणायचो. साताऱ्याकडून आलेले, तुर्भ्याच्या मार्केटात कांदा-बटाट्याच्या गोण्या उचलायचे. घरात फार बोलत नसत. एका संध्याकाळी चित्रकलेचे सर स्वतः आमच्या घरी आले, आण्णांसमोर पत्र्याच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, तुमच्या मुलीला नजर आहे, शिवण काय, कुणीही शिकेल. शिक्षक आपल्या घरी आले याचंच आण्णांना इतकं वाटलं की त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला. आईनं सरांना चहा दिला, पण पुढचे कितीतरी दिवस ती माझ्याशी तुटकच वागली.

सर तिशीचे असतील. सांगलीकडचे, स्टेशनजवळ एका मित्रासोबत खोली घेऊन राहायचे. शर्टाच्या बाहीला कायम कुठलातरी रंग लागलेला. बाकीचे शिक्षक त्यांना 'आर्टिस्ट' म्हणायचे. त्यात थोडी थट्टा असायची, ती आम्हाला तेव्हा कळायची नाही. आम्हाला ते खरोखरच मोठे चित्रकार वाटायचे. मुंबईच्या प्रदर्शनांना ते दरवर्षी चित्रं पाठवतात आणि ती दरवर्षी परत येतात, हे मला पुष्कळ नंतर शाळेच्या शिपाईमामांकडून समजलं.

शिकवायचे मात्र उत्तम. ते मी आजही नाकारत नाही. पहिल्याच तासाला त्यांनी टेबलावर एक खुर्ची उलटी ठेवली आणि सांगितलं, खुर्ची काढू नका, तिच्या पायांमधली पोकळी काढा. वर्ग हसला. मी पोकळ्या काढत गेले, एक तिरकी, एक लांबट, एक अगदी चिंचोळी, आणि तास संपताना कागदावर खुर्ची उभी होती. त्या दिवशी घरी जाताना मला दोन बिल्डिंगींमधलं आभाळ दिसलं, सायकलच्या दांड्यांमधले त्रिकोण दिसले, कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या आईच्या कोपराआडची मोकळी जागा दिसली. आधी ते सगळं तिथेच होतं, पण मी कधी बघितलं नव्हतं. आणखी एका तासाला ते म्हणाले, कातडीचा रंग डबीत विकत मिळत नाही, शोधावा लागतो. मग आम्ही एकमेकींचे हात खिडकीच्या उजेडात धरून त्यात हिरवा कुठे आहे, जांभळा कुठे आहे ते शोधत बसलो. मला असं कोणी कधी काही शिकवलं नव्हतं. शाळेत मी त्या तासांसाठीच जायला लागले.

माझ्या शेजारी करावे गावातली एक मुलगी बसायची. तिनं चित्रकला घेतली होती ती शिवणाच्या बाई पट्टीनं मारतात म्हणून. तिचा हात यथातथाच होता, पण माझं चित्र होताना बघायला तिला आवडायचं. माझ्या मगातलं पाणी बदलून आणायची, ब्रश धुवायची, आणि एखादी जागा बिघडली की माझ्याआधी तिला कळायची. "इकडं जड झालाय बग," एवढंच म्हणायची, आणि ते बरोबर असायचं. डबा आम्ही एकत्र खायचो. तिच्याशिवाय मला वर्गात दुसरी मैत्रीण नव्हती, आणि हवीशीही वाटली नाही.

दहावीत गेल्यावर, पाऊस सरताना, सर आम्हा काही मुलींना घेऊन एका रविवारी करावे गावात गेले. खाडी, होड्या, वाळत घातलेली जाळी असं काहीतरी काढायचं, असा बेत होता. पण पोचलो तेव्हा ओहोटी होती, सगळीकडे नुसता चिखल, आणि ऊन असं की कागदाकडे बघवेना. मग मैत्रीण म्हणाली, आमच्या ओटीवर चला.

तिची आई ओटीवर बसून कोळंबी सोलत होती. तिला मी मावशी म्हणायचे. त्या घरी मी आधीही अनेकदा गेले होते. मावशीनं मला पुढ्यात बसवून तांदळाची भाकरी खायला घातली होती, केसांना तेल लावून दिलं होतं. सरांनी तिला विचारलं, तुमचं चित्र काढलं तर चालेल का. ती लाजली, लुगडं बदलून येते म्हणाली. सर म्हणाले, नको, आहात तशाच बसा, काम करत राहा.

आम्ही तिच्यासमोर गोल करून बसलो. सरही बोर्ड घेऊन बसले, माझ्या डाव्या हाताला. मावशी अंगानं भरलेली, नाकात चमकी, कपाळावर घामात पसरलेलं कुंकू. पण मला चेहऱ्याआधी तिचे हात दिसले. कोळंबीच्या काट्यांनी बोटं चिरलेली, पाण्यात राहून टोकं पांढरी पडलेली. अंगठ्याचं नख आत घालून ती एका झटक्यात साल उतरवायची आणि न बघता टोपलीत टाकायची. मी हातांपासून सुरुवात केली. मावशी मधूनच म्हणायची, "बाय, मला म्हातारी करू नको हां," आणि मुली हसायच्या.

सरांचं त्या दिवशी जमत नव्हतं. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होते. त्यांनी चेहरा खोडला, पुन्हा काढला, पुन्हा खोडला, मग कागद उलटा करून मागच्या बाजूला सुरू केलं. शेवटी बोर्ड खाली ठेवून ते माझ्या मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ. मला वाटलं त्यांना आवडलंय, आणि मी इतकी खूश झाले की पेन्सिल हातात जरा घट्टच धरली गेली.

पुढचे काही आठवडे शाळा सुटल्यावर मी चित्रकलेच्या खोलीत थांबून ते चित्र रंगवत होते. घरी एवढा मोठा कागद पसरायला जागा नव्हती. मोठा कार्ट्रिज पेपर सरांनी दिला होता, पोस्टर कलरही शाळेचे. मैत्रीण शेजारी स्टूल ओढून बसायची. आईच्या मानेवर उन्हाचा पट्टा आहे, तिथं काळी जास्त आहे. डावा खांदा जरा खाली असतो, टोपलीमुळे. असं ती सांगायची आणि मी तसं करत जायचे. मावशीच्या मागे त्यांच्या ओटीची भिंत होती, निळा चुना दिलेली, खालून ओल चढलेली. त्या ओलीचा रंग मिळवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. तो मिळाला तेव्हा मैत्रीण म्हणाली, "आमच्या घरचा वास आला गो."

त्याच दिवसांत सर म्हणाले की दहावीनंतर मुंबईच्या आर्ट कॉलेजची प्रवेश परीक्षा असते, त्यासाठी ते मला स्वतः घेऊन जातील. आण्णांशी तेच बोलतील. मी घरी सांगितलं. आण्णा म्हणाले, सर म्हणत असतील तर बघू. आमच्या घरात 'बघू' म्हणजे जवळजवळ हो.

चित्र पुरं होत आलं तेव्हा सर म्हणाले, कपाटात राहू दे, थोडं फिनिशिंग लागेल, मी बघतो. मग दिवाळीची सुट्टी लागली. सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी त्यांनी मला मधल्या सुट्टीत बोलावून सांगितलं, "आपलं चित्र वाशीला लागतंय. मोठं प्रदर्शन आहे. वडलांना घेऊन ये."

आपलं चित्र. मी ते 'तुझं' असंच ऐकलं. शिक्षक आपल्या विद्यार्थ्याशी तसंच बोलतात, आपला निकाल, आपली शाळा. मी वर्गात सांगितलं, घरी सांगितलं, खालच्या वाण्यालाही सांगितलं.

त्या दिवशी आण्णांनी मार्केटात खाडा केला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी. आई धाकट्या भावाला घेऊन घरीच राहिली. मैत्रीण आणि मावशी करावेहून परस्पर येणार होत्या. बसमध्ये आण्णांनी मला खिडकीशी बसवलं, आणि कंडक्टरला न विचारताच सांगितलं, पोरीचं चित्र लागलंय वाशीला.

सभागृहात शिरल्यावर समोरच्याच भिंतीवर, मधोमध, लाकडी फ्रेममध्ये ते लावलेलं होतं. आधी मला ते ओळखू आलं नाही. ओटीची भिंत गेली होती. तिथे समुद्र होता, बुडता सूर्य होता, लांब एक शिडाची होडी होती. हातही बदलले होते. चिरा बुजवल्या होत्या, बोटं गुळगुळीत आणि निमुळती केली होती. कोळंबी तशीच होती, पण ती बोटं कोळंबी सोलत नव्हती, नुसती धरून बसली होती. बाकी चेहरा, मान, खाली झुकलेला खांदा, पदराच्या चुण्या, सगळं माझं जसंच्या तसं. खाली कार्ड होतं. चित्राचं नाव 'प्रतीक्षा'. त्याखाली सरांचं पूर्ण नाव.

मावशी कोणाची वाट बघत नव्हती. तिचा नवरा उरणकडे कंटेनरच्या गोदामात नोकरीला होता. सकाळी बसनं जायचा आणि संध्याकाळी येताना भाजी घेऊन यायचा.

आण्णा अक्षरं जुळवत कार्ड वाचत होते. वाचून झाल्यावर मला हळूच म्हणाले, "तुझं नाव कुठं लिवलंय?"

मला वाटत होतं की कार्ड चुकून लागलं असेल. शेजारच्या चित्राचं इकडे आलं असेल. मी शेजारचं बघितलं, त्याच्या पुढचंही बघितलं. तेवढ्यात सर आले. अंगात नवा झब्बा, सोबत दोघं-तिघं ओळखीचे. सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना सांगितलं, "ही माझी विद्यार्थिनी. हिचाही हात चांगला आहे. पुढं जाईल." ती माणसं माझ्याकडे बघून हसली. आण्णांनी टोपी काढून हात जोडले आणि म्हणाले, "सर, तुमच्यामुळं."

जोडलेले हात आण्णांचे होते. त्यांच्यासमोर सरांना खोटं कसं पाडायचं, हे मला कळेना.

मग मावशी आली. जरीकाठाचं लुगडं नेसलेली, अंबाड्यात अबोलीचा गजरा. चित्रासमोर थबकली, हात तोंडावर ठेवला आणि हसायलाच लागली. एका फोटोवाल्यानं तिला आणि सरांना चित्राच्या दोन बाजूंना उभं करून फोटो काढला. मैत्रीण त्यांच्यामागून माझ्याकडे बघत होती. तिनंही कार्ड वाचलं होतं. ती आली, माझा हात धरला आणि जोरात दाबला. त्या अख्ख्या दुपारी मला धीर वाटला तो त्या एका क्षणी.

परतीच्या बसमध्ये मी आण्णांना सांगितलं, चित्र मी काढलेलं आहे. ते म्हणाले, "गोणीवर नाव व्यापाऱ्याचं असतंय. उचलणाऱ्याचं कुठं असतंय?" हे ते मला समजावण्यासाठी म्हणाले, रागानं नाही. सरांनी कागद दिला, रंग दिले, शिकवलं, पुढं मुंबईला नेणार आहेत, तेवढ्यावरून तोंड वाकडं करू नये, असंही म्हणाले. सकाळी त्यांनी कंडक्टरला जे सांगितलं होतं ते त्यांनाही आठवत असणार.

सोमवारी मी चित्रकलेच्या खोलीत गेले. सर बेसिनपाशी ब्रश धूत होते. मी म्हटलं, "सर, ते चित्र माझं होतं."

ते मागे न वळता म्हणाले, "कागद कोणाचा होता? कसं बघायचं ते कोणी शिकवलं तुला?" मग नळ बंद करून माझ्याकडे वळले. आवाज नेहमीसारखाच मऊ. "हात तुझा असेल. नजर माझी आहे."

आमच्या घरी पत्र्याच्या खुर्चीवर बसून त्यांनी याच्या उलट सांगितलं होतं. ते मला आठवलं. पुढे त्यांनी मला समजावलं की माझ्या नावानं ते चित्र शालेय गटात लागलं असतं, कुठेतरी कोपऱ्यात, आणि कोणी ढुंकूनही बघितलं नसतं. आणि शेवटी म्हणाले, मुंबईचं विसरू नकोस, मी नेणार आहे तुला. त्यात धमकी होती का आमिष, हे मला तेव्हा उमगलं नाही. आता वाटतं, त्यांनाही ते वेगळं करून सांगता आलं नसतं.

मोठ्या बाईंकडे जायचं मैत्रिणीनं सुचवलं. आमच्या मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. मला भीती वाटत होती. ती म्हणाली, मी बघितलंय ना सगळं, मी सांगते, मला विचारू दे त्यांना. तिच्या भरवशावर मी गेले. मोठ्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, कोणी पाहिलं होतं का विचारलं, आणि मी तिचं नाव सांगितल्यावर म्हणाल्या, उद्या बघू.

त्याच संध्याकाळी करावे गावातल्या लोकांच्या हाती एक स्थानिक साप्ताहिक पडलं. त्यात मावशीचा आणि सरांचा फोटो होता. हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंच्या खोलीत सर आधीच येऊन बसले होते. मी कपाटाजवळ उभी होते. मैत्रिणीला वर्गातून बोलावलं. ती आली आणि माझ्या बाजूला न येता दाराशीच थांबली.

मोठ्या बाईंनी विचारलं, "करावेच्या बाईचं ते चित्र कोणी काढलं?"

ती नखं बघत होती. "सरांनी," ती म्हणाली.

"तू बघितलंस?"

"हो. आमच्याच घरी काढलं. सगळ्या मुली होत्या."

ते खोटंही नव्हतं. सगळ्या मुली होत्या, सरही बोर्ड घेऊन बसले होते. मी तिच्याकडे बघत राहिले, पण तिनं मान वर केली नाही. तिला जायला सांगितल्यावर ती गेली. तिच्या चपलांचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू आला.

मोठ्या बाई मला रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या की दहावीचं वर्ष आहे, या वयात मनाला असं वाटतं, पण शिक्षकावर असा आळ घेणं चांगलं नाही. सरांची माफी माग. मी सरांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, आता तरी ते म्हणतील, राहू दे, माफी नको. त्यांनी तेवढं केलं असतं तर बाकीचं मी कधीतरी गिळलं असतं. पण ते थांबून राहिले. मी माफी मागितली. मग ते म्हणाले, "असू दे. होतं असं."

ऐच्छिक विषय मध्येच सोडता येत नव्हता. वर्ष संपेपर्यंत मी त्याच खोलीत, शेवटच्या बाकावर बसले. मैत्रीण पुढच्या रांगेत गेली होती. सरांनी सांगितलेलं मी काढत होते, बरणी, फुलदाणी, दोन कांदे आणि एक वांगं. जिवंत माणूस पुन्हा काढला नाही. वर्षाअखेरीस सरांनी मला अंतर्गत गुणांत पैकीच्या पैकी दिले. त्या गुणांचा मला जितका अपमान वाटला, तितका माफी मागतानाही वाटला नव्हता.

मुंबईच्या कॉलेजचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. आण्णा निकालानंतर एकदा म्हणाले, सरांना भेटायचं का. मी नको म्हटलं. आईनं शिवणाच्या क्लासबद्दल चौकशी करून ठेवली होती, तिलाही मी नको म्हटलं. कॉमर्सला गेले. पुढे उरणच्या बाजूला मालवाहतुकीच्या एका ऑफिसात नोकरी लागली, लग्न झालं, सीवूड्सला राहायला आले. चित्रकलेच्या वह्या आईनं एका दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत दिल्या. मला विचारूनच दिल्या.

ते मोठं चित्र सरांनी मावशीला भेट दिलं, हे मला शाळेतच असताना ऐकायला मिळालं होतं. अख्खी गल्ली जमली होती म्हणे. सरांना नारळ आणि शाल दिली. नंतर सर दुसरीकडे बदली होऊन गेले.

मैत्रिणीशी मी बोलले नाही. बाजारात लांबून दिसायची, तीही वळायची. करावे आमच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ, पण गावात मी पाऊल टाकलं नाही. मावशीवर मात्र माझा राग नव्हता. तिला काय ठाऊक, असंच मी धरून होते. तिच्यासमोर अनेक मुली बसल्या होत्या, सरही होते, कोणाच्या कागदावर काय उतरलं हे तिला समोरून दिसलंच नसणार. कधी बाजारात मासळी घ्यायला गेले आणि ती तिथे विकायला बसलेली असली तर ती मला जास्तीची मूठभर कोळंबी घालायची आणि माझ्या मुलीच्या गालाला हात लावायची. बाकी सगळ्यांवर राग धरून झाला होता, पण ती एक बाई त्यातून सुटली होती, आणि मला त्याचं बरं वाटायचं.

ती गेल्याचं मला बाजारातल्या दुसऱ्या एका मासळीवालीकडून कळलं. दिवसकार्य होऊन गेलं होतं. मी महिन्याभरानं गेले. घर आता दुमजली झालं होतं, ओटी राहिली नव्हती. मैत्रिणीनंच दार उघडलं. माहेरी आईचं आवरायला आली होती. आम्ही दोघी जाड झालो होतो, तिचे केस पुढून पांढरे. ती म्हणाली, "ये ना," जशी मी मागच्या आठवड्यातच येऊन गेले होते.

भिंतीवर ते चित्र होतं. त्याला चंदनाचा हार घातलेला, खाली समई. मावशीचा दुसरा चांगला फोटो घरात नव्हता. समुद्राचा रंग उडाला होता, पण चेहरा टिकला होता. कोपऱ्यात सरांची सही.

मी बसले. तिनं पाणी आणून दिलं. आजारपण, दवाखाना, शेवटचे दिवस, असं बोलून झालं. मग तिनं आपणहूनच सांगायला सुरुवात केली. त्या संध्याकाळी साप्ताहिक आलं, मावशीनं ते शेजारीपाजारी सगळ्यांना दाखवलं. त्यानंतर सर घरी आले. एक मुलगी चित्र आपलं म्हणते आहे, उद्या तुमच्या मुलीला विचारतील, एवढंच त्यांनी सांगितलं आणि चहा न घेता गेले. तिनं आईला सांगितलं की मी खरं तेच सांगणार. मावशी तिला म्हणाली, मोठ्या चित्रकारानं माझा फोटो काढला म्हणून मी गावभर सांगितलंय, आता शाळेतल्या पोरीनं काढला म्हणशील तर लोक मला हसतील.

"म्हणजे मावशीला माहीत होतं?" मी विचारलं.

"होतं," ती म्हणाली. "तू तिच्या हातांकडं बघत होतीस. सर तर तोंडच खोडत बसले होते. ती बोलली मला, त्या पोरीनंच काडलाय, पन तू बोलू नको."

मला लगेच काही वाटलं नाही. नंतर मूठभर कोळंबी आठवली, मुलीच्या गालावरचा हात आठवला, आणि बसवेना. मैत्रीण बोलत होती. चूक झाली, पण आईपुढं काय करणार होते मी, असं काहीसं म्हणाली. माझ्याकडून ती कशाची तरी वाट बघत होती. मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नुसतीच, ते तिनं हवं तसं घेतलं असेल.

मी उठले तेव्हा ती म्हणाली, "भावाचं घर पनवेलला झालंय. त्याला पण आईचा फोटो पायजे. तू असंच एक काडून देशील का?"

मी तिच्याकडे बघितलं. ती मनापासून विचारत होती. मी म्हटलं की मी आता चित्रं काढत नाही.

"हात कुठं विसरतो काय?"

"विसरतो," मी म्हटलं.

ती मला रिक्षापर्यंत सोडायला आली. वाटेत ओळखीच्या बायका भेटल्या. त्यांना तिनं सांगितलं, ही माझी शाळेतली मैत्रीण, आईचं ऐकून भेटायला आली. रिक्षा आली तेव्हा तिनं पुन्हा ये म्हटलं, मी बरं म्हटलं. घरी नवऱ्यानं विचारलं, कशी आहे ती. बरी आहे म्हणून सांगितलं आणि कुकर लावायला आत गेले. त्यानंतर मी त्या गावात गेलेली नाही.